एक्स-वाय म्हणजे पुरुष आणि एक्स-एक्स म्हणजे स्त्री : हे विधान कुठवर टिकते?

शंकासूर (प्रश्न)

किशोरवयीन वाचकांसाठीच्या एका विज्ञानपुस्तिकेचा मजकूर तपासण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. आनुवंशिकतेच्या प्रकरणात पुढील वाक्य आले आहे : ‘ज्याच्या पेशींत एक्स आणि वाय ही गुणसूत्रे असतात तो पुरुष, जिच्या पेशींत दोन एक्स असतात ती स्त्री, सर्व प्राण्यांचे लिंग याच पद्धतीने ठरते.’ वाक्याचा उत्तरार्ध चुकीचा आहे एवढे मला ठाऊक आहे, कारण पक्ष्यांची व्यवस्था निराळी असते. अडचण पूर्वार्धाची आहे. एका परिचितांच्या मते ते पूर्णपणे कालबाह्य असून लिंग हा इंद्रधनुष्यासारखा अखंड पट्टा आहे. दुसऱ्यांच्या मते अपवादांमुळे नियम मोडत नाही आणि वाक्य आहे तसेच राहू द्यावे. दोघेही तावातावाने बोलले, परंतु शरीरात नेमके काय घडते हे दोघांनीही सांगितले नाही. जाणकारांनी ते सांगावे, म्हणजे या वाक्याचे काय करायचे ते मला ठरवता येईल.

पेशीपुराण

आपल्या वाक्यात सर्वांत जास्त खटकणारा शब्द ‘ठरते’ हा आहे. एका क्षणी, एका कारणाने निकाल लागतो असे त्यातून सूचित होते, आणि मानवी भ्रूणात तसे होत नाही.

गर्भधारणेनंतर साधारण सहा आठवड्यांपर्यंत भ्रूणाची जननग्रंथी ही वृषणही नसते आणि अंडाशयही नसते; तिच्यात दोन्ही होण्याची क्षमता असते. तिच्या शेजारी नलिकांच्या दोन जोड्या असतात. वुल्फियन नलिकांपासून पुढे शुक्रवाहिन्या होतात, तर म्युलेरियन नलिकांपासून गर्भाशय आणि अंडवाहिन्या. प्रत्येक भ्रूणाजवळ या टप्प्यावर दोन्ही जोड्या असतात. वाय गुणसूत्रावरील एसआरवाय नावाचे जनुक या सुमारास थोड्या काळापुरते सक्रिय होते आणि सॉक्स-९ या दुसऱ्या जनुकाला जागे करते. सॉक्स-९ सक्रिय राहिले की ग्रंथीचे वृषण होऊ लागते. वृषणातून मग दोन संदेश निघतात. एक संप्रेरक म्युलेरियन नलिका नाहीशा करते, आणि टेस्टोस्टेरॉन वुल्फियन नलिका टिकवून धरते. बाह्य जननेंद्रियांसाठी एवढेही पुरत नाही. तेथील ऊतींमध्ये टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर व्हावे लागते, आणि त्यासाठी एक स्वतंत्र विकर लागते.

म्हणजे गुणसूत्र, जनुक, ग्रंथी, संप्रेरक, त्या संप्रेरकाचे पेशीतील ग्राही प्रथिन आणि शेवटी अवयव अशी ही साखळी आहे. बहुतेक माणसांत सर्व कड्या एकाच दिशेने जातात, म्हणूनच आपले वाक्य बहुतेक वेळा खरे ठरते. परंतु प्रत्येक कडी स्वतंत्रपणे वेगळी वागू शकते. वडिलांच्या शुक्राणुनिर्मितीत एसआरवाय जनुक चुकून एक्स गुणसूत्रावर जाऊन बसले, तर दोन एक्स असलेल्या बाळाला वृषण येतात आणि ते मुलगा म्हणून जन्मते. उलट वाय असूनही ग्रंथीचे वृषणात रूपांतर झाले नाही, तर ती रेषामय ऊतीच्या रूपात राहते, गर्भाशय मात्र तयार होते, आणि मुलगी वयात येत नाही म्हणून तपासणी होते तेव्हा एक्स-वाय गुणसूत्रे आढळतात. यास स्वायर लक्षणसमूह म्हणतात. तिसऱ्या प्रकारात वृषण असतात आणि टेस्टोस्टेरॉनही भरपूर असते, पण त्याला ओळखणारे ग्राही प्रथिन काम करत नाही. हे प्रथिन बनवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, ही यातील गंमत. ग्राही पूर्णपणे निकामी असेल तर शरीर बाहेरून स्त्रीचे घडते, पाळी मात्र येत नाही.

या शेवटच्या प्रकाराचा एक प्रसंग सर्वज्ञात आहे. स्पेनची अडथळ्यांच्या शर्यतीची धावपटू मारिया होसे मार्टिनेझ-पाटिन्यो १९८५ साली जपानमधील कोबे येथील विद्यापीठ क्रीडास्पर्धेसाठी गेली असता गुणसूत्र-चाचणीत तिच्या पेशी एक्स-वाय निघाल्या. तिच्या शरीराला टेस्टोस्टेरॉनचा काडीइतकाही उपयोग नव्हता, तरीही तिला स्पर्धेबाहेर काढले गेले, पुढे तिच्या नावावरचे विक्रम पुसले गेले, आणि पात्रता परत मिळण्यास १९८८ साल उजाडले. त्या काळची ही चाचणी गालाच्या आतील पेशींमध्ये दुसऱ्या, निष्क्रिय एक्स गुणसूत्राची खूण शोधत असे. गंमत अशी की दोन एक्स आणि एक वाय असलेला, म्हणजे क्लाइनफेल्टर लक्षणसमूह असलेला पुरुष त्या चाचणीत स्त्री म्हणून सहज उत्तीर्ण झाला असता. ऑलिंपिकमध्ये १९६८ पासून लागू असलेली ही सरसकट तपासणी १९९९ साली बंद करण्यात आली.

आणखी एक जुना समज येथेच दूर करतो. आल्फ्रेड जोस्त यांनी १९४७ साली सशांच्या गर्भातील भ्रूणांच्या ग्रंथी काढून टाकल्या तेव्हा सर्व पिल्ले मादीच्या शरीररचनेची झाली. त्यावरून ‘काहीही न घडल्यास स्त्री घडते’ असा अर्थ काढला गेला आणि तो कितीतरी पुस्तकांत आजही आढळतो. अंडाशय घडण्यासाठी डब्ल्यूएनटी-४, आरएसपीओ-१, फॉक्सएल-२ अशी जनुके सक्रियपणे काम करतात, आणि मादी उंदरांच्या भ्रूणात वुल्फियन नलिका आपोआप विरून जात नसून एका विशिष्ट प्रथिनाच्या साहाय्याने काढून टाकल्या जातात, हे २०१७ साली दाखवले गेले. स्त्रीचे शरीर हे रिकाम्या जागेचे नाव नव्हे. याहून आश्चर्याचे म्हणजे हे काम जन्मानंतरही संपत नाही. प्रौढ मादी उंदराच्या अंडाशयातील फॉक्सएल-२ हे जनुक २००९ सालच्या एका प्रयोगात बंद केले, तेव्हा तेथील पेशी वृषणातील पेशींसारख्या होऊ लागल्या. अंडाशयाला अंडाशय राहण्यासाठी आयुष्यभर राखण करावी लागते, असे म्हणता येईल.

गोठा-दवाखाना

मी पशुवैद्यक आहे, त्यामुळे वाक्याच्या उत्तरार्धाचा समाचार मी घेतो.

आधी गायीचे उदाहरण घ्या. गायीला कालवड आणि गोऱ्हा अशी जुळी झाली तर ती कालवड दहापैकी नऊहून अधिक वेळा वांझ निघते. दोघांच्या वारेतील रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात, गोऱ्ह्याच्या वृषणातील संप्रेरके आणि रक्तपेशी कालवडीत पोहोचतात, आणि तिचे गर्भाशय व अंडाशय नीट वाढत नाहीत. फ्रँक लिली यांनी १९१६ साली याचे स्पष्टीकरण दिले आणि लिंगविकासात संप्रेरकांचा हात असतो ही कल्पना त्यातूनच बळावली. तिच्या अवयवांच्या पेशी एक्स-एक्सच असतात, पण रक्तात भावाच्या एक्स-वाय पेशीही फिरत असतात. तिचे लिंग गुणसूत्रांवरून सांगायचे तर रक्त तपासायचे की कातडी, असा प्रश्न येतो.

आता इतर प्राणी. पक्ष्यांची व्यवस्था निराळी असते हे आपण लिहिलेच आहे : त्यांच्यात नराजवळ दोन झेड आणि मादीजवळ झेड व डब्ल्यू ही गुणसूत्रे असतात. मधमाश्यांमध्ये लिंग-गुणसूत्र असा प्रकारच नाही. फलित अंड्यातून माद्या होतात आणि अफलित अंड्यातून नर, त्यामुळे नर माशीला वडील नसतात, आजोबा मात्र असतात. प्लॅटिपसच्या नरात पाच एक्स आणि पाच वाय असतात. जपानच्या अमामी बेटावर काटेरी केसांचा एक उंदीर आहे, त्याच्या नरातही वाय गुणसूत्र नाही आणि एसआरवाय जनुकही नाही. सॉक्स-९ जनुकाच्या जवळचा डीएनएचा एक तुकडा नरात दुप्पट झालेला असतो आणि त्यावरच काम भागते, असे २०२२ साली आढळले. वर पेशीपुराण यांनी सांगितलेल्या साखळीतील पहिली कडी नाहीशी झाली तरी दुसरी तिचे काम उचलते, हे यावरून दिसते. उत्क्रांतीत वरची कळ, म्हणजे सुरुवात करून देणारा संकेत, वारंवार बदलली आहे, तर खालची यंत्रणा बरीचशी तीच राहिली आहे.

सर्व मगरींत आणि अनेक कासवांत तर कळ जनुकात नसून वाळूत असते. समुद्री कासवांची अंडी सुमारे २९ अंश सेल्सिअसच्या वर उबली तर माद्या अधिक निघतात, त्याखाली नर. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या हिरव्या कासवांच्या अल्पवयीन पिढीत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले, आणि त्यामागे तापणारे किनारे आहेत. ऑस्ट्रेलियातीलच दाढीवाल्या ड्रॅगन सरड्यात दोन्ही पद्धती एकत्र नांदतात : झेड-झेड अंडे एरवी नर होते, पण सुमारे ३२ अंशांच्या पुढे तापले तर त्यातून पिल्ले देऊ शकणारी पूर्ण मादी निघते.

माशांपैकी क्लाउनफिशचे उदाहरण सर्वजण देतात. गटातील मादी मेली की तिचा जोडीदार नर मादी होतो. मला मात्र कॅरिबियन समुद्रातील निळ्या डोक्याचा रास मासा अधिक विचारात पाडतो. प्रबळ नर काढून घेतला की सर्वांत मोठी मादी काही मिनिटांत ते तासांत नरासारखी वागू लागते, आणि दहा-एक दिवसांत तिच्या अंडाशयाचे वृषण होते. ज्या माद्यांचे अंडाशय आधीच काढून टाकले होते, त्याही नरासारख्या वागू लागल्या. म्हणजे या माशात वागणूक ग्रंथीच्या मागोमाग येत नाही, ती ग्रंथीच्या पुढे धावते.

आणि ठिपकेदार तरस. मादीचा शिश्निका-अवयव इतका लांब असतो की तो नराच्या शिश्नासारखा दिसतो. ती त्यातूनच मूत्रविसर्जन करते, समागमही त्यातूनच आणि प्रसूतीही त्यातूनच. तरस उभयलिंगी असते हा समज फार प्राचीन असून ॲरिस्टॉटलने तो त्याच्या काळातच खोडून काढला होता. गर्भावस्थेत टेस्टोस्टेरॉनसारख्या संप्रेरकांचा प्रभाव रोखणारी औषधे देऊन पाहिली, तरी हा अवयव तयार झालाच. त्यामुळे ‘नर-संप्रेरक जास्त म्हणून असे’ हे सोपे उत्तरही पुरत नाही.

तिरकस

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, परंतु त्यांतून वाचक जो निष्कर्ष काढील त्याला माझी हरकत आहे.

पशुवैद्य महोदयांनी प्रत्येक ठिकाणी ‘नर’ आणि ‘मादी’ हेच शब्द वापरले आहेत. रास माशात मादीचा नर झाला, हे त्यांनी कशावरून ओळखले? तो मासा अंड्यांऐवजी शुक्राणू तयार करू लागला, यावरून. समुद्रघोड्यात नर पिल्ले पोटातल्या पिशवीत वाढवतो, तरी त्याला आपण मादी म्हणत नाही, कारण शुक्राणू तोच देतो. जीवशास्त्रातील व्याख्या एवढीच आहे : मोठी, स्थिर जननपेशी बनवण्याच्या दिशेने घडलेले शरीर मादीचे आणि लहान, चल जननपेशी बनवण्याच्या दिशेने घडलेले शरीर नराचे. मानवी अंडपेशी सुमारे ०.१ मिलिमीटर व्यासाची असते, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी. शुक्राणूचे डोके त्याच्या विसाव्या भागाइतके. या दोहोंच्या मधली, मध्यम आकाराची तिसरी जननपेशी कोणत्याही प्राण्यात नाही. काही बुरशींमध्ये वीस हजारांहून अधिक संयोग-प्रकार असतात हे खरे, पण ते कोणाचा संयोग कोणाशी होईल याचे प्रकार आहेत. लहान आणि मोठ्या जननपेशींचा तेथे प्रश्नच नसतो.

तेव्हा नर किंवा मादी होण्याचे मार्ग अनेक आहेत, याचा अर्थ मुक्कामही अनेक आहेत असा होत नाही. ‘अखंड पट्टा’ ही उपमा मला म्हणूनच मान्य नाही.

आकड्यांबद्दलही सावध असावे. ‘१.७ टक्के माणसे आंतरलिंगी (नेहमीच्या स्त्री वा पुरुष शरीररचनेत पूर्णपणे न बसणारी) असतात’ असे सर्रास लिहिले जाते. हा आकडा अ‍ॅन फॉस्टो-स्टर्लिंग यांनी २००० साली मांडला. त्यातील सुमारे १.५ टक्के भाग अधिवृक्क ग्रंथीच्या उशिरा प्रकटणाऱ्या एका विकाराचा आहे, आणि त्यातील बहुतेक व्यक्तींच्या जन्मवेळच्या शरीररचनेत काहीही संदिग्ध नसते. लेनर्ड सॅक्स यांनी २००२ साली फक्त संदिग्ध शरीररचना किंवा गुणसूत्रांशी न जुळणारे शरीर एवढेच धरून मोजले, तर आकडा ०.०१८ टक्के आला. जवळजवळ शंभरपट फरक आहे, आणि तो माणसांतला नसून व्याख्येतला आहे.

पेशीपुराण

तिरकस यांचा मुद्दा मला बराचसा मान्य आहे, आणि ‘अखंड पट्टा’ ही उपमा मीही वापरत नाही. पट्टा म्हटला की सर्व माणसे एका रेषेवर मागेपुढे उभी आहेत असे वाटते. प्रत्यक्षात अनेक वेगवेगळ्या कड्या आहेत आणि त्यांचा मेळ कधी बसत नाही. क्लाइनफेल्टर असलेला पुरुष ‘कमी पुरुष’ नसतो आणि टर्नर लक्षणसमूह असलेली, एकच एक्स असलेली स्त्री ‘कमी स्त्री’ नसते. पहिला प्रकार सुमारे ६०० पुरुषांत एकाला, तर दुसरा दोन-अडीच हजार मुलींत एकीला असतो. पहिल्यातील कित्येकांना ते आयुष्यभर कळतही नाही.

परंतु जननपेशींची व्याख्या प्रजातीला जितकी चपखल बसते तितकी प्रत्येक व्यक्तीला बसत नाही. स्वायर लक्षणसमूह असलेल्या स्त्रीची ग्रंथी कोणतीच जननपेशी बनवत नाही, गुणसूत्रे एक्स-वाय आहेत, गर्भाशय आहे, आणि दुसऱ्या स्त्रीच्या अंडपेशीच्या साहाय्याने अशा स्त्रियांनी मुलांना जन्मही दिला आहे. ‘दिशेने घडलेले शरीर’ असे आपण म्हणता तेव्हा तिचे कोणते अंग आपण दिशादर्शक मानता? ग्रंथी मानली तर उत्तर मिळत नाही, गुणसूत्र मानले तर एक आणि गर्भाशय मानले तर दुसरे मिळते. व्याख्या चुकीची नाही. ती या प्रश्नासाठी केलेलीच नाही.

शंकासूर

सर्वांचे आभार. एक उपप्रश्न राहिला. त्याच प्रकरणात पुढे ‘म्हणून व्यक्तीची स्त्री वा पुरुष असल्याची जाणीव तिच्या जनुकांत लिहिलेली असते’ असेही आहे. मराठीत अडचण अशी की शरीराचे लिंग, मनातील ओळख, व्याकरणातील लिंग आणि पुरुषाचा अवयव या चारही गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो. व्याकरणाने निदान ‘ते मूल’, ‘ते वासरू’ म्हणून सुटका करून घेतली आहे.

मनोव्यापार

‘लिंगभाव’ हा शब्द आता बऱ्यापैकी रुळला आहे; पुस्तिकेत तो वापरावा. जैविक लिंग वेगळे, समाजाने त्याला चिकटवलेल्या भूमिका वेगळ्या, आणि स्वतःची आतून असलेली ओळख वेगळी. निदान या तीन गोष्टी एका वाक्यात कोंबू नयेत.

‘जनुकांत लिहिलेली असते’ हे विधान काढून टाकावे, पण त्याच्या जागी ‘संगोपनाने घडते’ असेही लिहू नये. तो प्रयोग एकदा झालेला आहे. कॅनडात १९६६ साली सुंता करताना झालेल्या इजेमुळे एका तान्ह्या मुलाचे शिश्न नष्ट झाले, आणि संगोपनाने लिंगभाव घडवता येतो असे मानणाऱ्या मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून त्याला मुलगी म्हणून वाढवण्यात आले. कित्येक वर्षे ते उदाहरण यशस्वी म्हणून सांगितले जात होते. प्रत्यक्षात ते मूल सतत दुःखी होते, वयाच्या चौदाव्या वर्षी सत्य कळताच त्याने मुलगा म्हणून जगणे स्वीकारले, आणि ही हकिकत शास्त्रीय नियतकालिकात १९९७ साली आली. पुढे २००४ साली अशा मुलांची एक छोटी पाहणी प्रसिद्ध झाली, ज्यांची गुणसूत्रे एक्स-वाय आणि वृषण सामान्य होते, परंतु ओटीपोटाच्या जन्मजात दोषामुळे त्यांना मुली म्हणून वाढवले होते. अशा १४ जणांपैकी ८ जणांनी पुढे आपण पुरुष असल्याचे सांगितले. आठ जणांकडे पाहून ‘जन्मपूर्व संप्रेरकेच सर्व काही’ असे म्हणावेसे वाटते. मग उरलेल्यांचे काय, हा प्रश्न तसाच राहतो. मार्टिनेझ-पाटिन्यो यांच्यासारख्या, टेस्टोस्टेरॉनला प्रतिसाद न देणाऱ्या एक्स-वाय व्यक्ती बहुतेक वेळा स्वतःला निःसंशय स्त्री मानतात, तेव्हा गुणसूत्रांनाही शेवटचा शब्द मिळत नाही.

मेंदूचे छायाचित्र काढून हा वाद मिटेल अशीही आशा ठेवू नये. चौदाशेहून अधिक मेंदूंच्या २०१५ सालच्या अभ्यासात बहुतेकांमध्ये ‘स्त्रियांत अधिक आढळणारी’ आणि ‘पुरुषांत अधिक आढळणारी’ अशी दोन्ही वैशिष्ट्ये मिसळलेली दिसली. त्यावर इतरांनी लगेच दाखवले की सर्व मोजमापे एकत्र घेतली तर संगणक मेंदूवरून लिंग बऱ्याच अचूकतेने ओळखतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि व्यक्ती स्वतःला काय मानते याचे उत्तर त्यांतील एकीतही नाही. जन्मवेळी नोंदवलेल्या लिंगाशी स्वतःची ओळख न जुळणे हा मानसिक विकार नाही, या भूमिकेतून जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आपल्या वर्गीकरणात ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून हलवली. पुस्तिकेत एवढे नमूद करण्यास हरकत नसावी.

प्राण्यांची उदाहरणे मात्र या परिच्छेदात आणू नयेत. क्लाउनफिश लिंग बदलतो म्हणून माणसाच्या ओळखीला मान्यता मिळत नाही, आणि बदलत नसता तर ती हिरावलीही गेली नसती. माशाला साक्षीदार म्हणून उभे करण्याची ही सवय दोन्ही बाजूंना आहे.

शंकासूर

मी असा मजकूर केला आहे : ‘माणसात वाय गुणसूत्रावरील एका जनुकामुळे भ्रूणाच्या ग्रंथीचे वृषण होते, ते जनुक नसल्यास इतर जनुके अंडाशय घडवतात. यापुढे संप्रेरकांच्या साहाय्याने शरीर टप्प्याटप्प्याने घडत जाते, आणि कधी कधी हे टप्पे एकमेकांशी जुळत नाहीत. इतर प्राण्यांत सुरुवातीची कळ वेगळी असू शकते : दुसरी गुणसूत्रे, अंड्याचे तापमान किंवा गटातील स्थान.’ लिंगभावाला स्वतंत्र परिच्छेद दिला आहे.

तिरकस

पहिल्या वाक्यात ‘वृषण होते’ याच्या आधी ‘सहसा’ घालावे. दुसऱ्या वाक्यानंतर ‘जननपेशी मात्र दोनच प्रकारच्या असतात’ हे यावे, असा माझा आग्रह आहे.

पेशीपुराण

दोन्हींना अनुमोदन. फक्त ‘मात्र’ काढावा. त्या शब्दाने आधीचे वाक्य मागे घेतल्यासारखे वाटते.